काचेवरच्या कुरडया

३ एप्रिल, शुक्रवार
सगळ्यात आधी आली शेजारची गोजरबाई. पंखा बघायला. लाईट गेली तरी माझ्या घरात पंखा गरगरा फिरतो, असं तिला कुणीतरी सांगितलं म्हणं. कुणीतरी म्हंजी मीच. लेकानं, दादाभाऊनं, छतावर सोलर बसवलाय, जिन्याखाली बॅटरी. गोजरबाई म्हणली, यवढंसं डबडं काय पुरणार गं? म्हणलं, तुझ्या माहेराहून जास्त पुरंल. चहा न घेता गेली. साखर वाचली.

५ एप्रिल, रविवार
सून आरती उपकेंद्रात नर्स. तिथं दर गुरुवारी दिवसभर लाईट न्हाई, लसींचा फ्रिज बंद. ती म्हणली, गुरुवारी आरोग्य खात्याचे साहेब आपली बॅटरी बघायला येणार. पटली तर उपकेंद्रालाबी मंजूर. म्हंजी सगळं माझ्यावर आलं. ठरवलं, सोलरची निगा मीच राखायची.

६ एप्रिल, सोमवार
निगा राखायला वर गेले. काय ते ऊन! कोंबडी न्हाई, कुत्रं न्हाई. यवढ्या काचा मोकळ्या ठेवायच्या म्हंजी उन्हाची नासाडी. लुगडं अंथरलं, कडंला दगड ठेवले, कुरडया घातल्या. एका उन्हात दोन कामं. दादाभाऊला सांगितलं न्हाई. शिकलेल्या माणसाला लगीच समजत न्हाई.

८ एप्रिल, बुधवार
कुरडया लई झ्याक. गोजरबाई हात जोडत आली, तिचे पापडबी घेतले. जोडले न्हाईत, पर जोडल्यासारखंच. आता एक काच रिकामी न्हाई. बॅटरीवर लाल दिवा लागलाय. दादाभाऊ म्हणला, कंपनीनं माल हलका दिला. मीबी तेच म्हणलं.

९ एप्रिल, गुरुवार
लाईट गेली. दोन साहेब आले, बसले. पंखा तीन फेरे फिरला न थांबला. मोठे साहेब म्हणले, आजी, हे असंच चालतं का? म्हणलं, पावण्यांना लाजतोय. कुणी हसलं न्हाई. धाकटे साहेब वर चढले, खाली आले ते हातात कुरडई घेऊन. कुणाची ही? म्हणलं, गोजरबाईची. तर ती दारातच उभी! म्हणली, पापड माझे, कुरडया हिच्या, अन् लुगडंबी हिचंच.
मंजुरी अडकली. आरती लसींचा डबा बर्फात घालून बेल्ह्याच्या मोठ्या दवाखान्यात गेली, माझ्याकडं न बघता. ऊन लागलं असंल तिला.
साहेब मातुर चांगल्या घरचे. तळलेल्या कुरडया दोन-दोन खाल्ल्या. जाताना म्हणले, काचा मोकळ्या ठेवा, पुढच्या गुरुवारी परत येतो.
गुरुवार म्हंजी सोळा तारीख. तवर सांडगे वाळून व्हत्यात.