पिशवीची चौकट आणि बाबांची टाच

बुधवार, संध्याकाळ

डोकं फिरलंय नुसतं. सायकलच्या हँडलला लटकवलेली पिशवी चाकात अडकून बाबा परवा पडले, म्हणून कामावरून आल्यावर सळ्या वाकवत बसलो. मिरजोळ्याला नेऊन वेल्डिंग करून आणलं, गंज धरू नये म्हणून रंगही दिला. मागच्या चाकाशेजारी पिशवी बसेल अशी चौकट. स्वतः चालवून बघितली. कुठे काही लागत नव्हतं!

आज बाबा बसले, तर प्रत्येक पायडलला टाच पिशवीवर. धप्, धप्. मग माझी का नाही लागली? कारण मी पायडल तळव्याच्या मधोमध धरतो, बाबा चवड्यानं मारतात. त्यांची टाच मागे येते. लहानपणापासून त्यांना सायकलवर बघतोय, आणि ती टाच कधी दिसली नाही?

चिडून म्हटलं, "बाबा, पाय जरा पुढे घ्या की."

"आता ह्या वयात मला पायडल शिकवतोस?" पिशवी काढली, परत हँडलला लावली आणि गेले मिरकरवाड्याला मासळी आणायला. परत पडले म्हणजे? मी फाटकातच उभा.

आले. हँडलला बांगड्यांची पिशवी. माझ्या चौकटीत त्यांची छत्री.

"छत्रीला मात्र झकास झाली रे!"