माझ्या फोनची चुगली

१२ जाने.
मोहर्लीत आठवा दिवस. डावं मनगट प्लास्टरमध्ये. नवरा मनगटावर सळई मारून शांतपणे जेवायला बसला होता. मी मूल गावातल्या सासरच्या घरातून तशीच निघाले. सुनंदाताई, माझी मावसबहीण, इथल्या रिसॉर्टच्या स्वयंपाकघरात पोळ्या लाटते. ती इथे आहे हे सासरी कुणालाच ठाऊक नाही. सिम मोडून फेकलं, नवं घातलं. संपला संबंध.

१५ जाने.
मोडका हात गळ्यात अडकवायचा पट्टा मोबाईलवर एकदाच शोधला. तेव्हापासून जाहिरातींत पट्टेच पट्टे. सोबत इथल्या जंगलाच्या गेटजवळच्या खोल्या, सफारी. ताई म्हणते, नवऱ्यापेक्षा फोनलाच तुझी जास्त काळजी. हसले तर बरगडी दुखली.

१९ जाने.
तो आला. सकाळी दहाला, स्वयंपाकघराच्या मागच्या दाराने. तीच सळई. ताई मध्ये पडली, तिचं डोकं फुटलं. परातीतली कणीक लाल झाली. मी चाकू उचलून त्याच्या दंडात घातला. वाईट वाटलं नाही. आणखी घातला असता, पण सफारीच्या जिप्सीवाल्यांनी दोघांनाही धरलं. पोलीस नेत होते तेव्हा म्हणाला, "तूच तं बलावलं मले. माह्या मोबाईलवर रोज मोहर्लीच्या खोल्या अन् हाताचे पट्टे येऊन राह्यले."

२० जाने.
ताईला सहा टाके.
रात्रभर डोकं खाजवलं, आता कळलं. लग्नात फोन घेतला तेव्हा दुकानदाराने तो नवऱ्याच्याच ईमेल आयडीवर सुरू करून दिला. आमच्याकडे सगळ्या बायकांचे फोन असेच. मला वाटलं, सिम बदललं की सुटले. मी इथे जे जे शोधलं ते जाहिरात होऊन त्याच्या हातात गेलं. माझा हात मोडला हे कंपनीला कळलं आणि तिने ते मोडणाऱ्यालाच सांगितलं. असला राग मला सळईचाही आला नव्हता.
ताई म्हणाली, फोड तो फोन. दगड उचलला. मग ठेवला.

२४ जाने.
तो जामिनावर सुटला.
आयडी मुद्दाम तोच ठेवलाय. दिवसभर शोधत बसले: सिरोंच्यात भाड्याने खोली, सिरोंच्याची बस, सिरोंच्यात शिवणकाम. मधेमधे हाताचा पट्टा, म्हणजे त्याला खरं वाटेल. संध्याकाळी सिरोंच्याच्या लॉजची पहिली जाहिरात आली. म्हणजे त्याच्याही मोबाईलवर गेली. फिर म्हणावं आता उन्हात.

२८ जाने.
मूलच्या शेजारणीचा ताईला फोन. तो आज सकाळच्या बसने सिरोंच्याला गेला. पिशवीतून सळईचं टोक बाहेर दिसत होतं म्हणे. प्लास्टरवाली बाई कुठे राहते ते विचारत फिरणार, असं शेजारपाजारी सांगून गेला.
मी दोन कप चहा प्याले. पहिल्यांदा घशाखाली नीट उतरला.
ताई परात घासत होती. मान वर न करता म्हणाली, "तिथी कोन्या बाईचा हात खरंच प्लास्टरमंधी असन तं? हा आंधी मारते, तोंड मंग पाह्यते."
मी कप खाली ठेवला.

दुपार. तिथल्या पोलिसांना सांगायचं तर मी कोण, कुठून बोलते, सगळं सांगावं लागेल. मी मोहर्लीतच आहे हे मग त्यालाही कळेल. ताईने तिच्या फोनवरून तिथल्या पोलीस ठाण्याचा नंबर काढून दिला. कागद समोर आहे. बस चारला पोचते. आता तीन वाजून दहा.