दीपमालाचे दोन फोटो

मु. तलावटोली, ता. पवनी
९ फेब्रुवारी २०२५

तुझ्या त्या कॉम्प्युटरनं माझी मान खाली घातली, हे आधी वाच. आशीर्वाद मंग घेजो.

चि. प्रफुल्ल, अ. आ.

काल दीपमालाले पाहाले पवनीहून शकुनबाई आली होती, खेमराजची मामी. पोराले मायबाप नाही, तिनंच वाढवलं. पोरगा सुरतेले कंपनीत हाय, सुट्टी भेटत नाही, म्हणून दिवाळीत तू काढलेल्या फोटोवरच सारी बोलणी झाली होती. पोट्टी चहा घेऊन आली. शकुनबाईनं पिशवीतून फोटो काढला न तिच्या तोंडाजवळ धरला. मंग मले इचारलं, कल्ले रंगवून शिळी मासोळी खपवतात तशी पोट्टी खपवाले बसल्या का. जन्मभर मासोळ्या विकल्या मी, कल्ल्याले कधी रंग नाही लावला.

फोटोत पोट्टी पीठ फासल्यावानी पांढरी. हनुवटीवर लहानपणी गळ लागला होता, त्याचा वण गायब. तुझ्या रंजूआत्यानं, पोट्टीच्या मायनं, तुले तसं सांगितलं का? रंजू नाही म्हणते न रडते. तिच्या रडण्यानं काही होऊन नाही राहिलं.

खरा फोटो पाठवा, पोराले दाखवतो, मंग हो-नाही सांगतो, असं शकुनबाई म्हणून गेली. मोबाईलवर धाडू नको. शेजारच्या गोलूच्या मोबाईलमंदी पोट्टी जांभळी दिसते, रंजूच्या मोबाईलमंदी पिवळी. कागदावर काढ न पत्र लिहून सांग, असं काहून केलं. बाकी घरी बरं हाय. माया आटली नाही, पण आज जरा झाकून ठेवली.

तुझी आजी, रेवताबाई


भंडारा
१३ फेब्रुवारी

ती. आजीस, शि. सा. न.

तुझं पत्र भेटलं. वण मीच पुसला, आत्यानं सांगितलं नव्हतं. स्टुडिओत येणाऱ्या पोरींचे डाग न विचारता पुसायची हाताले सवय लागली. पण पांढरं मुद्दाम नाही केलं, आजी. माझा मॉनिटर जुना, अंधुक आणि पिवळट. त्यावर दीपा होती त्याहून काळी दिसून राहिली होती, म्हणून मी उजेड वाढवला, पिवळा कमी केला. पडद्यावर बरोबर दिसली, कागदावर पीठ झाली.

आता शिव्या दे. मॉनिटर बदलायचा सोडून गेल्या महिन्यात मी मोठं ग्राफिक्स कार्ड घेतलं. दुकानदार म्हणाला, याच्यानं फोटो खरे दिसतील. खरे नाही, भराभर दिसतात. जड फाईल झटकन उघडते एवढंच. रंग दाखवायचं काम मॉनिटरचं. म्हणजे डोंगा फुटका तो फुटकाच, वर मी नवी मोटर बसवली.

ते कार्ड बदलून मधल्या किमतीचं घेतलं, आमच्या कामाले पुरते. आणि मॉनिटर घेतला. दुकानात सगळ्यात भडक होता तो सोडला, गेमवाले त्याच्यासाठीच येतात. बाजूनं पाहिलं तरी चेहऱ्याचा रंग बदलत नाही, असा निवडला. नागपूरच्या लॅबवाल्या डोमाभाऊकडून रंग मोजायचं यंत्र मागून आणलं, पडद्यावर टेकवून रंग जुळवले. तरी पहिला प्रिंट लालसर आला. स्टुडिओची भिंत पोपटी, तिची हिरवी झाक पडद्यावर पडत होती आणि मी ती मारायले लाल वाढवत होतो. भिंतीवर काळं कापड टांगलं, मग हा निघाला. सोबत पाठवतो. वण ठेवला आहे.

हे लग्न मोडलं तर दोष माझा, दीपाचा नाही, एवढं तिला सांग. राग धर, पण पत्र बंद करू नको.

तुझा प्रफुल्ल


तलावटोली
२० फेब्रुवारी

चि. प्रफुल्ल, आशीर्वाद, या खेपेले उघडे.

फोटो भेटला. दीपमालाले अंगणात उभी करून बाजूले धरला. हाय तशी हाय. रंजू म्हणे, वण तरी पुसून आणा. मी म्हटलं, कागदावरचा पुसशील, लग्नाच्या दिवशी हनुवटीवर काय पोतशील?

फोटो घेऊन मीच बसनं पवनीले गेली. शकुनबाईनं दारात जाऊन लय वेळ पाह्यला. पोट्टी चांगली हाय म्हणाली, आमच्याकडून हाव, होकारच समजा. मी पाण्याचा गिलास उचलला तर तिनं दुसरी गोठ काढली. पत्रिकेवर न चौकातल्या फ्लेक्सवर मातर पहिलाच फोटो पाहिजे, लोक पाहातात म्हणे. नाहीतर पुन्हा इचार करा लागन.

घरी येऊन सांगितलं तर रंजू लगेच कबूल. जमलेलं हातातून सुटते का, याचं तिले भेव. तिले मी बोलली नाही. तुलेही फ्लेक्सवाल्याले तो फोटो देणं मिनिटाचं काम.

मंग दीपमालानं दोन्ही फोटो मागितले, एका पाकिटात घातले, वर खेमराजचा सुरतेचा पत्ता घातला. आत चिठ्ठी लिहिली ती मले वाचून दाखवली. “यातल्या कोणासंग लग्न करता ते सांगा. पांढरी आमच्या घरी नाही.”

पाकीट मी डाकेत टाकलं. रंजू दोघींशीही बोलत नाही. लग्न होईन का मोडन, मले माहीत नाही. तुझ्यावरची माया तशीच हाय, तूही ठेवजो.

शकुनबाई तुले फोन करन, पहिला फोटो मागन. देजो नको. तिले सांग, आता मामीचं ‘हाव’ चालत नाही न मामीचं ‘नाही’ही चालत नाही. खेमराजनं लिहावं, आपल्या हातानं, न दीपमालाच्या नावानं.

रेवताबाई