बोटीवर सापडलेलं दावं

१४ जानेवारी, हॅवलॉकच्या अलीकडे
संक्रांत. बोट हलत होती, पाक चुकला, तिळगूळ रवाळ झाला. सुभेदारांनी (यापुढं सु. लिहीन, रिटायर नवऱ्याला एवढं लांब नाव कशाला) एक वडी खाल्ली आणि लगेच मला नांगर टाकायला बसवलं. "साखळी मोजून सोड. घाई न्हाई." जशी मी उद्या भरतीला जाणार आहे. अंदमानात बोटीवर राहायला येऊन तेवीस दिवस झाले. त्यांची ही शिडाची बोट बत्तीस फूट लांब. उंब्रजचा आमचा गोठा याहून ऐसपैस आहे.
होळीला घरी. तसा शब्द दिलाय त्यांनी. चार दिवस कमी-जास्त चालतील, महिना नाही.

१७ जा.
रेंज आली. विमलवन्संना, म्हणजे रहिमतपूरच्या नणंदेला फोन लावला. चांदी म्हैस तिच्याकडं राखायला आहे. मी निघायच्या आधी चार दिवस आटपाडीला माहेरी होते, तेव्हा सु.नी स्वतः नेऊन पोचवली. वन्सं म्हणाल्या, "बरी हाय की. खातीया, पितीया." दूध किती देते विचारलं, तर आवाज येईना म्हणाल्या. तोवर सगळं नीट येत होतं.

२० जा.
अंघोळीला दोन तांबे गोडं पाणी. तिसरा घेतला तर सु.चं भाषण, पाणी कसं जपावं. आटपाडीच्या पोरीला! शाळेच्या आधी दोन खेपा करून मोठी झाले मी.
संध्याकाळी समुद्र फार सुंदर दिसत होता. त्यांना सांगितलं नाही.

२३ जा.
आजचं आजच लिहून ठेवते.
डिंगी, म्हणजे काठाला जायची छोटी होडी, बांधायला दोरी आण म्हणाले. पुढच्या कप्प्यात त्यांची सगळी दोरखंडं, मापाप्रमाणे लावून ठेवलेली. सगळ्यात खाली चांदीचं दावं. माझं मी वळलेलं, मधे माझ्या तांबड्या साडीची चिंधी. ओळखायला क्षण लागला नाही.
राखायला दिलेलं जनावर दाव्यासकट जातं. दावं मागं ठेवतात ते विकल्यावर. घेणारा आपलं दावं घेऊन येतो, आपलं आपल्या दारात राहतं, म्हणजे गोठ्याची बरकत जात नाही. सु.नी आयुष्यात गोठा झाडला नाही, पण ही एक रीत बरोबर पाळली. आणि पाळून वर ते बोटीवर आणलं, चांगली दोरी वाया कशाला घालवायची म्हणून!
मी दुसरी दोरी नेऊन दिली.

२४ जा.
वन्संना पुन्हा फोन. सरळ म्हटलं, दावं माझ्या हातात आहे. रडायलाच लागल्या. "दादानं शपथ घातली व्हती, वैनी. म्हस माझ्याकडं आलीच न्हाई. दारातनंच इकली." आणि एवढंच नाही. घर दोन वर्षांच्या करारानं दिलंय, एका मास्तरांचं बिऱ्हाड आलंसुद्धा. माझ्या चुलीपाशी त्यांची बायको.
दोन वर्षं. म्हणजे होळी नाही. पुढची पण नाही.
चांदी रेडी होती तेव्हापासून वाढवली तिला. पहिल्या वेताला दोन रात्री गोठ्यात बसले होते. सु. तेव्हा कुठं होते? सिक्कीम असेल. नाहीतर राजस्थान.
सोडणार नाही मी यांना.

२६ जा.
सु.नी बोटीवर झेंडा लावला, सॅल्यूट केला. मी पण केला. मग आमटीत दुप्पट मीठ घातलं. मुकाट्यानं दोन वाट्या प्यायले आणि "झ्याक झालीया" म्हणाले. फौजी माणसाला जेवणातून त्रास देता येत नाही, हे आधीच कळायला हवं होतं.
दुपारी त्यांचा मिशांचा कंगवा समुद्रात "पडला". थोडं बरं वाटलं. थोडंच.

२९ जा.
असल्या चिल्लर गोष्टींनी भागणार नाही.
आजपासून मन लावून शिकतेय. शीड, सुकाणू, इंजिन, नांगर, भरती-ओहोटीचा तक्ता. पाच आठवडे मुद्दाम ढ राहिले होते, आता एकदा सांगितलं की येतं. सु. खूश. शेजारच्या बोटीवरच्या म्हाताऱ्याला हिंदीत सांगत होते, मेरी मिसेस अकेली चला सकती है.
अगदी बरोबर.

२ फेब्रु., लाँग आयलंड
आज चहा पिताना आपणहून बोलले. एरवी इतकं बोलत नाहीत. "उंब्रजला मला कोन वळखतं, शालन? गडी आला तर तुला हाक मारतो. पोरगं फोन करतं ते तुला. म्हशीला बी धार काढाया तूच पायजेस. मी सुट्टीवर आलेला पाव्हना. हितं तरी आपुन दोघंच हाय."
खोटं नाही ते. चोवीस वर्षांत वर्षाला दोन महिने घरी, तेवढ्यात माणूस घरचा कसा होणार? पण मग हे माझ्यासमोर बसून बोलायचं होतं. चार दिवस माहेरी धाडून, माझ्या पाठीमागं माझं घर रिकामं करायचं नव्हतं. मी काही त्यांच्या कंपनीतला जवान नाही, बदलीची ऑर्डर निघाली की ट्रंक उचलायला.
म्हणजे राग गेला नाही. वाढलाच.

५ फेब्रु., सकाळ
निर्मनुष्य बेट. फक्त दिवसा उतरायची परवानगी. सु.ना वाळूवर कासवांच्या खुणा बघायच्या होत्या. डिंगीनं सोडलं. बरोबर टोपी, गुडघ्याचा पट्टा, पाण्याच्या दोन बाटल्या, भाकरी, शेंगदाण्याची चटणी. चहाचा थर्मास राहिला, घेऊन येते म्हणाले आणि मी बोटीवर परत आले.
डिंगी वर घेतली. इंजिन चालू केलं, नांगर उचलला आणि बोट तीनचारशे फूट समुद्रात आत नेली. तिथं पुन्हा नांगर टाकला. साखळी मोजून सोडली. काठावरून ओरडले, "शाब्बास! बराबर सोडलीस!" सराव वाटला त्यांना.
अर्ध्या तासानं हात हलवायला लागले. गुडघ्याच्या ऑपरेशनपासून पोहत नाहीत, त्यामुळं इलाज नाही.
"आगं, कवा येतीस?"
"कळवते," म्हटलं.
चोवीस वर्षं फोनवर मी हेच ऐकलं. कवा येताय? कळवतो.

५ फेब्रु., दुपार
मधे एकदा जवळ नेली बोट, आवाज नीट पोचेल इतपत. दावं सापडलं, एवढंच सांगितलं. लगेच समजले. टोपी काढून वाळूत बसले. बराच वेळ टोपी हातात धरून होते, उन्हात. टोपी घाला, हे ओठांवर आलं होतं, गिळलं.
भाकरी खाल्लेली नाही. दुर्बिणीतून दिसतं.
मी मात्र पोटभर जेवले. वारा पडला होता, बोट स्थिर. इतकी शांतता आणि सगळं माझ्या हातात. लाज वाटायला हवी होती, वाटली नाही.

५ फेब्रु., साडेतीन
घाईत लिहितेय. सु. मघाशी ओरडून म्हणाले, "चूक झाली. घर मोकळं करून घीन. चांदी न्हाई मिळायची आता, ती पार पुढं इकली गेली." निदान या वेळी थाप मारली नाही. मी म्हटलं, मी घरी गेले तर तुम्ही कुठं राहणार? ते बोटानं वाळूत रेघा ओढत बसले. याचं उत्तर माझ्याकडं तरी कुठं आहे?
पाचच्या आत बेट सोडावं लागतं. वनखात्याची गस्तीची बोट शेवटची फेरी मारते, सु.ना ती नेईल, उपाशी मरणार नाहीत. वारा पुन्हा सुटलाय, उत्तरेचा, पोर्ट ब्लेअरला जायला अगदी सोयीचा. तिथून विमान, मग पुणे, मग उंब्रज, नाहीतर आटपाडी. कुलूप नसलेलं कुठलंतरी दार.
नांगर वर घेतला आहे. इंजिन चालू. सुकाणू अजून कुणीकडंच वळवलेलं नाही.
इंजिनचा आवाज ऐकून सु. उठले. पँट झटकली, चपला हातात घेतल्या, पिशवी खांद्याला लावली आणि गुडघाभर पाण्यात येऊन उभे राहिले. फाट्यावर एसटी थांबली की सु. उतरतील म्हणून मी अशीच उठून पदर सारखा करायचे, आणि एसटी पुढं निघून जायची.