झेडचं पान

चिखली,
बुधवार, ता. १४ जुलै १९६५

जानराव,

जय भीम. तुला पत्र लिहायची ही पहिलीच वेळ, त्यामुळे मायना काय घालावा यातच दोन कागद वाया गेले. मुख्याध्यापक म्हणून रोज पत्रं लिहितो, पण ती सगळी 'उपरोक्त विषयास अनुसरून' सुरू होतात.

इकडे पाऊस बरा आहे. तुमच्याकडे पेरण्या आटोपल्या असं वच्छलाकडून कळलं. तुझी लेक आठवीत माझ्याच शाळेत आहे. हे पाकीट तिच्याच हाती देतो आहे.

आधी कामाचं. तिच्या शिष्यवृत्तीच्या अर्जावर बापानं मुख्याध्यापकासमोर सही करायची असते. मुदत शनिवारपर्यंत. शिष्यवृत्ती मिळाली नाही तर पोरीला दिवाळीनंतर शाळेतून काढू, असं तुझ्या आई तानुबाई सांगून गेल्या. नाव घालायला त्याच आल्या होत्या. मी विचारलं, वडील का नाही आले? म्हणाल्या, "त्यानं आन घेतली हाय साहेब. थो ह्या शायेची पायरी चढत नाही." मी जणू पहिल्यांदाच ऐकतोय अशी मान डोलावली. त्यांनी मला ओळखलं नाही. टक्कल पडल्याचा तेवढा फायदा.

आता जरा गंमत सांगतो. इंग्रजीच्या पहिल्या तासाला मी दर वर्षी प्रत्येकाला एकेक शब्द विचारतो. कॅट, रॅट, डॉग. आमच्या पोरांचं इंग्रजी सहसा उंदरामांजरांच्या पुढं जात नाही. वच्छला उठली आणि म्हणाली, "झेबू." अर्थ? "वशिंडवाला बैल." आणखी येतात का म्हटलं, तर हात मागे बांधून सुरूच झाली. झेनी म्हणजे विदूषक. झील म्हणजे उत्साह. झेनाना म्हणजे बायकांनी राहायची जागा. झेनिथ म्हणजे बरोबर डोक्यावरचं आभाळ. झेफर म्हणजे मावळतीकडून येणारी मंद झुळूक. सगळे झेडचे शब्द, आणि पानावर आहेत त्याच क्रमानं. कोणी शिकवले?

"बाबानं. वखर हाकता हाकता म्हनते."

"पहिला शब्द राहिला," मी म्हणालो.

"थो नाही शिकवला. बाबा म्हनते, थो आपल्या कामाचा नाही."

मी खुर्चीत बसलो. त्या दिवशी तास अर्धाच झाला.

पहिला शब्द झमिनदार, म्हणजे आपला जमीनदार. इंग्रजांच्या डिक्शनरीत आपल्याकडचा शब्द सापडला म्हणून आपण केवढे चकित झालो होतो! चाळीस सालची दिवाळीची सुट्टी, आमच्या मळ्यातली विहीर. झेबूचं चित्र बघून तू ओरडलास, "हा त आपलाच बैल हाय बे! इंग्रजाले कायले पायजे?" मग बोट वर नेऊन जमीनदार वाचलास आणि माझ्याकडे बघितलंस. "तुहं नाव त हाय ह्याच्यात. माहं कोन्या पानावर हाय?" शोधू, असं मी म्हणालो. आपल्याकडे ते एकच पान होतं.

इतका वेळ मी इकडचं तिकडचं लिहितोय, ते तुला कळलं असेलच. ते पान मी फाडलं होतं, जानराव. शाळेच्या डिक्शनरीतून, मास्तर चहाला गेले तेव्हा. झेडचं निवडलं, कारण शेवटच्या पानांकडे कोण बघतंय, असा माझा अंदाज. आठवडाभर ते तुझ्याकडे असायचं, आठवडाभर माझ्याकडे. दप्तरांची झडती झाली तो आठवडा तुझा होता.

तू माझ्याकडे बघितलंस. मी पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिलो. माझे वडील शाळेच्या कमिटीवर. माझं एका थपडेवर निभावलं असतं. तुझं नाव पटावरून गेलं. तू माझं नाव घेतलं असतंस तरी कोणी खरं मानलं नसतं, हे दोघांनाही ठाऊक होतं. पण तू घेतलंच नाहीस. पायरी उतरताना एवढंच म्हणालास, "ज्यानं फाडलं थो आपल्या तोंडानं सांगन, तवाच ह्या पायरीवर पाय ठेवीन."

गेल्या आठवड्यात मी एक बेत केला होता. अर्ज घेऊन तुझ्या घरी यायचं, चहा प्यायचा, सही घ्यायची आणि परतायचं. नियमात बसवता येतं. सापही मेला असता आणि काठीही मोडली नसती. दोनदा एसटीच्या स्टँडवर जाऊन परत आलो. मला माझीच लाज वाटली.

आज सकाळी प्रार्थनेनंतर मी जुनं शिक्षेचं रजिस्टर घेऊन उभा राहिलो. तुझ्या नावासमोर ते पान अजून टाचलेलं आहे, टाचणी गंजली आहे. काय लिहिलंय ते वाचलं, आणि मग खरं काय ते सांगितलं. पोरं गप्प होती कारण त्यांना कळलं नाही; मास्तर गप्प होते कारण त्यांना कळलं. नंतर एक जण म्हणाले, "सर, पंचवीस वर्षांपूर्वीची मढी कशाला उकरता?" मी म्हटलं, त्याची लेक आठवीत बसते. तुझं नाव खोडून तिथं माझं लिहिलं, खाली सही केली, शिक्का मारला.

वच्छला रोज मला नमस्कार करते. आज न करता समोरून गेली. तिचं बरोबरच आहे.

पान मी अजून चिकटवलेलं नाही. तू आलास तर दोघं मिळून खळ लावू. शनिवारी दुपारी दोनपर्यंत पायरीशी उभा राहीन. नाही आलास तर अर्ज घेऊन एसटीनं मीच येतो. पोरीचं शिक्षण माझ्यापायी अडायचं नाही, एकदा अडलं तेवढं पुरे. मग मला उंबऱ्याच्या आत घ्यायचं की बाहेरच उभं ठेवून सही करून द्यायची, ते तू ठरव.

'तुझा' लिहायला हात धजत नाही. म्हणून,

ज्यानं आपल्या तोंडानं सांगायचं होतं, तो
भगवंत