पायावरचे चट्टे

१२ डिसेंबर १९६१, अणदूर
पुन्हा रक्त निघालं! पोटऱ्या खाजवून खाजवून सोलल्यात. कातडी पांढरी, भुरभुरीत — बोट ओढलं की रेघ उठते. ही थंडी सुरू झाल्यापासून असंच. सासूबाईंनी आज बघितलं. नुसत्या बघत राहिल्या.

१५ डिसेंबर
आज माझं ताट वेगळं. तांब्यापण.
सासूबाई शेजारच्या पार्वतम्मांना सांगत होत्या, पण मला ऐकू जाईल असं — "सुनंच्या पायावर चट्टे हायत. महारोग तर नसंल?"
ह्यांनीही ऐकलं. मान खाली घालून भाकरी कुस्करत बसले. लग्नाला अजून वर्ष नाही झालं!

१६ डिसेंबर
कढत पाण्यानं न्हाले, कपड्याच्या साबणानं घासघासून. वाटलं, निघून जाईल. अंगाची नुसती आग!

२० डिसेंबर
सासूबाई म्हणाल्या, "संक्रांतीच्या आत माहेरी जा. बरी झालीस की बघू."
बघू! म्हणजे काय? तिकडं धाकट्या बहिणीची, शारदाची सोयरीक जुळतीय. मी हे पाय घेऊन दारात उभी राहिले तर तिचंही मोडेल. रडले. रडतानापण खाजवत होते.

२३ डिसेंबर
ह्यांनी काही न बोलता मोटारीत बसवलं. वाटलं, संपलं, माहेरीच सोडतायत. तर नळदुर्गला उतरवलं — दवाखान्यापुढं!
डॉक्टर म्हातारे. डोळे मिटायला लावून चट्ट्यांवर कापूस फिरवला. प्रत्येक वेळी कळलं मला. "खाज सुटते?" "लई सुटते." ते हसले. "मग भिता कशाला, बाई? महारोगाचा चट्टा बधिर असतो, खाजत नाही. तुमची कातडी कोरडी पडलीय, एवढंच."
साबण बंद. पाणी कोमट. न्हाल्यावर अंग ओलसर आहे तोवरच करडीचं तेल चोळायचं. घोंगडीच्या आत सुती लुगडं. नखं बारीक.
येताना हे म्हणाले, "मी आधीच आणायला पाहिजे होतं." मी खिडकीबाहेर बघत बसले. घरी ह्यांनी सासूबाईंना महारोग नाही एवढंच सांगितलं.

३० डिसेंबर
खाज निम्म्यावर आली! पण पाठीला हात पुरत नाही.

४ जानेवारी १९६२
सासूबाई आपण होऊन आल्या. "वळ तिकडं. लावते."
हात खरखरीत, पण किती हळू चोळलं! चुकलं म्हणाल्या नाहीत. म्हणणारही नाहीत. जेवायला मात्र सगळ्यांच्यात वाढलं. लई दिवसांनी पोटभर जेवले.

९ जानेवारी
सासूबाईंनी चुलीवरचं तापलेलं भगुणं उघड्या हातानं उतरवलं. सावकाश, निवांत. बोटांवर टरारून फोड आले. मी ओरडले! त्या हात उलटासुलटा करून बघायला लागल्या — "कवा भाजलं गं? मला कळलंच न्हाय."
उद्या पहिल्या मोटारीनं त्यांना नळदुर्गला नेणार. त्यांना सांगितलंय, भाजल्यावरचं मलम आणायला.