पाइपाभोवतीची फट

६ डिसें.
नळ बसवला. मी! स्वयंपाकघरातला, दिवाळीपासून गळणारा. तलासरीचा रमणभाई प्लंबर रोज फोनवर "उद्या येतो, बेन" म्हणत होता, त्याचा उद्या काही उजाडेना. आपला हात जगन्नाथ. वॉशर बदलला, सफेद टेप गुंडाळली, पाना फिरवला, गळती बंद. ब्लाउजला हुक लावण्यापेक्षा सोपं काम.
हे वापीहून शिफ्ट करून आले आणि नळाकडे बघतच राहिले. मग म्हणाले, "बरं झालं. पण दिसतं तेवढंच आपण करायचं हां. लाइन भिंतीत शिरली की लायसन्सवाला." कौतुकसुद्धा नियम लावून करतात.
आईंनी खाटेवरूनच खिडकीतून शेजारच्या सुमनला ओरडून सांगितलं, "आमचे सुनेने नळ बसवला!" खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून सासूबाईंना गावाच्या बातम्या त्याच खिडकीतून येतात. आज एक बाहेर गेली.

९ डिसें.
दुपारी भूकंपाचा धक्का. आधी जमिनीतून तो ढुम्म आवाज, मग मांडणीवरचे पेले. पेल्यांची चळत मुद्दाम रचून ठेवलीय, ती खणखणली की बाहेर पळायचं, असं आमच्या उधवा गावात घरोघरी आहे. सगळी आळी रस्त्यावर. मी आईंपाशी. मागच्या खेपेला दोघांनी उचलून नेलं तर खुब्यातून अशी कळ गेली की किती दिवस कण्हत होत्या. तेव्हापासून "मना हात लावू नका." मग मी त्यांच्या खाटेचा पाय धरून बसते. त्याने काय होतं, कोणी विचारू नये.
इथून पुढे नुसतं ध. लिहीन. रोज कोण पूर्ण शब्द लिहिणार.

११ डिसें.
टाकी धुवायला गच्चीवर. टाकीतला पाइप स्लॅबमधून खाली उतरतो तिथे चारी बाजूंनी बोटभर फट! घर बांधताना ज्याने कोणी लाइन टाकली त्याने भोक पाडलं आणि भरायचा कंटाळा केला. आत मुंग्या, कोळिष्टकं. एक पाल मला बघून आत शिरली. खाली बरोब्बर आईंची मधली खोली. पडली त्यांच्या अंगावर म्हणजे? त्यांना तर उठून झटकताही यायचं नाही.
आणि ही फट दिसतेय. म्हणजे ह्यांच्या नियमात बसतेय.

१२ डिसें.
सिमेंट, वाळू, पाणी धरू नये म्हणून ती दुकानातली पावडर. घमेल्यात कालवलं, फटीत ठासलं, थापीच्या दांड्याने ठोकून ठोकून. खालून आईंचा आवाज, "कोण गो वर?"
"मीच आहे, आई."
"मग ठीक."
संध्याकाळी पाइप हलवून पाहिला. ढिम्म. आता पालीच्या सात पिढ्या आत जाऊन दाखवोत.

१७ डिसें.
ध. सकाळी. जेवताना पुन्हा ध. ह्यांचं पान वाढलेलंच राहिलं. आळीतल्या पोरांना आता गंमत वाटते, ढुम्म झालं की हसत पळतात. मला त्या हसण्याचीच भीती वाटते.

२१ डिसें.
आईंच्या खोलीत छताला डाग. बशीएवढा, ओलसर. त्यांनीच दाखवला. दिवसभर छताकडेच तर बघत पडलेल्या असतात.

२२ डिसें.
वर गेले. टाकीचा जोड गळत असणार. टेप काढून नवी गुंडाळली, वर पुट्टी. काम छान झालं. सुमन म्हणाली, "वहिनी, आमच्याकडचा फ्लशपण बघा की." बघितला. झाला.

२५ डिसें.
जोड खडखडीत कोरडा. टाकीखाली कोरडं. मी ठासलेलं सिमेंटही वरून कोरडं.
डाग ताटाएवढा.
पाणी येतंय कुठून? ह्यांना म्हटलं, थंडीचा दमटपणा असेल. डिसेंबरात दमटपणा! हे डबल शिफ्टचे झोपेला आलेले, "असेल" म्हणाले.

२८ डिसें.
ध. रात्रीतून किती ते मोजणं सोडलंय.
डागावर पांढरा रंग मारला, स्टुलावर चढून. आई म्हणाल्या, "झाक झालं. किती शिकलीस गो." मी खाली उतरले आणि ब्रश धुवायला निघून गेले.

३० डिसें.
रंगातून डाग परत आला. आता पिवळट, कडेला तांबूस. मधे छत थोडं फुगलंय का? का मलाच तसं वाटतंय? शिवायला बसले की सुई सोडून उठते आणि आत जाऊन बघून येते. आई विचारतात, "काय गो, सारखी येतंस?" म्हटलं, पाणी हवंय का विचारायला.

२ जाने.
मोठा ध. पेले नुसते खणखणले नाहीत, पडले. मी खाटेचा पाय धरलेला. वरून पचकन काहीतरी. आईंच्या उशाशी स्टुलावर तांब्या असतो, त्यात प्लास्टरचा तुकडा. पाण्यात पडला म्हणून आवाज तेवढाच झाला. हातभर अलीकडे पडता तर
आई म्हणाल्या, "तांब्या धुऊन आण."
बाहेर मोरीशी जाऊन रडले. मग तांब्या धुतला. रमणभाईला फोन केला. चारोटीला हॉटेलचं काम घेतलंय म्हणाला. मी काय बोलले आठवत नाही, पण "उद्या सकाळी नक्की" म्हणाला, आणि ह्या वेळी 'बेन' म्हणायला विसरला.

३ जाने.
आला. गळ्यात चेन, कानाला फोन, चेहऱ्यावर उपकार. आधी गच्चीवर. फटीशी बसला आणि फोन खिशात टाकला.
"बेन, हे कोणी बंद केला?"
मी म्हटलं, "का?"
"इथे जागा मुद्दाम सोडतात. आपल्या एरियात तर सोडायचीच. जमीन हलते तेव्हा टाकी हलते, पाइप हलतो. त्याला तुम्ही स्लॅबमधे जखडून टाकला. हलायला नाय मिळाला तर तुटणारच ना. आतच तुटलाय. पाणी सगळा स्लॅब पितोय."
"गवंडी आला होता मागे," मी म्हटलं. "त्याने भरलं असेल."
कसं आलं तोंडात कोण जाणे. गच्चीचं दार उघडं, आईंची खिडकी खालीच.
मग आत आला. पान्याने छत ठोकत गेला. कडेला टण टण. डागाशी बद्द. पुन्हा ठोकलं नाही. बाजूला झाला आणि पुढचं सगळं उंबऱ्यात उभा राहून बोलला. टाकी रिकामी करतो, लाइन बंद करतो, पाइप बाहेरून नवीन टाकून देईन, ते माझं काम. स्लॅब माझं काम नाय. आतली सळई किती गंजली, मी सांगू शकत नाय. इंजिनियरला दाखवा. "तोपर्यंत इथे कोणी झोपू नका."
आई झोपलेल्याच होत्या. डोळे उघडे.

४ जाने.
हे परवापासून कंपनीतच, सलग शिफ्टवर; फोनवर सगळं सांगितलं. गवंड्यासकट. "कोण तो गवंडी? नाव सांग, मी बघतो त्याला." मी म्हटलं, आधी घरी या. सुट्टी उद्या मिळतेय. येताना दोन माणसं आणतील, आईंना चादरीत घालून ओसरीवर नेऊ. खाट दारातून निघत नाही, आणि मला एकटीला आई उचलत नाहीत. सुमनला बोलावलं होतं. आईंनी असा आरडाओरडा केला की ती घाबरून दारातच थांबली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.
टाकी रिकामी आहे. छत अजून ओलंच.

संध्याकाळी
दोन ध. बारीक.
आईंपाशी बसून समजावलं. छत पोकळ झालंय, पडेल, एक दिवसाचा प्रश्न आहे, दुखलं तरी सोसा. ढिम्म.
"मना नाय जायचं. गवंडी कधी आलता गो?"
ऐकलं होतं तर.
मी म्हटलं, "नाही आला. फट मी बुजवली, आई. माझ्यामुळे पाइप तुटला." एवढं बोलायला मला किती वेळ लागला. वाटलं, शिव्या देतील, रागाने तरी बाहेर न्या म्हणतील. तेच हवं होतं मला.
त्यांनी माझा हात चाचपडत धरला. म्हणाल्या, "मना ठाव हाय. मी ऐकत व्हते ना खालून, किती ठोकून ठोकून केलंस. तू केलंस ते पडायचं नाय."
आणि डोळे मिटले. किती दिवसांनी त्यांना अशी गाढ झोप लागलीय.
खाट सरकवली, भिंतीपर्यंत, जेवढी सरकते तेवढी. वर बघितलं. डाग तिथेही आलाय.
पेले परत रचलेत. खाटेचा पाय धरून बसलेय. हे सकाळी येतील.